चांद्याचा परकोट आणि राणी हिराई



चौथीच्या वर्गात फळ्यावर किल्ला हा शब्द लिहिला की मुलं काय काय नावं सांगतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रायगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग. चौथीचं पुस्तकच शिवछत्रपतींचं, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण आमच्या सिरोंच्यातल्या मुलांनी सह्याद्री चित्रातच पाहिलेला असतो. घरी तेलुगू, रानाकडच्या गावांत गोंडी आणि माडिया, शाळेत मराठी, अशी ही मुलं. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं काय, तर प्राणहिता-गोदावरीचा संगम. किल्ला म्हणजे डोंगरावरचा, आणि तोही दूर तिकडे पश्चिमेला, असं त्यांच्या मनात पक्कं बसतं.

म्हणून यंदा इतिहासाच्या तासासाठी एक वेगळा पाठ तयार केला. तो इथे देतो आहे. तुमच्या वर्गात किंवा घरी जसा हवा तसा वापरा.

आपल्या जुन्या जिल्ह्याच्या गावी, चंद्रपूरला, जवळपास ११ किलोमीटर घेराची दगडी भिंत आजही शहराला कवेत घेऊन उभी आहे. तिथली माणसं तिला परकोट म्हणतात. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. त्याआधी सिरोंचा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. म्हणजे आजच्या मुलांच्या आजोबांना कोर्टकचेरीचं मोठं काम निघालं की जावं लागायचं ते याच परकोटाच्या गावाला. हा किल्ला बांधला गोंड राजांनी. त्यांची नावं थोडीफार पुस्तकांत येतात. पण तुम्ही चंद्रपुरात उतरून त्या काळातलं काय शिल्लक आहे ते बघत फिरलात, तर सर्वांत ठळक दोन-तीन वास्तूंपाशी एकाच बाईचं नाव ऐकू येईल. ती म्हणजे राणी हिराई.

आणि या नावाशी एक अवघड प्रश्न जोडलेला आहे. राणीने नवऱ्याची फार सुंदर समाधी बांधली. तो नवरा मारला गेला तेव्हा दुसरं लग्न करायला निघाला होता, असं सांगतात. मग तिने ती समाधी का बांधली? सातवी-आठवीच्या मुली हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा उत्तराची तयारी आपण आधीच करून ठेवलेली बरी.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. मी राणीला ती म्हणतो आहे, त्या म्हणत नाही. यात अनादर नाही. आपल्याकडे देवीला आणि आईला एकेरीच हाक मारतात, आणि हिराई या नावात आई आहेच.

हिराईकडे जाण्याआधी तिला वारशाने मिळालेला हा किल्ला समजून घेऊ. गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती. हे सिरपूर आज पलीकडे तेलंगणात आहे. तिथून ती वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आली आणि मग चांद्याला. ही शेवटची हलवाहलव खांडक्या बल्लाळशहाच्या काळातली. पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध धरा. या राजाच्या अंगावर गाठी आणि जखमा होत्या, म्हणून खांडक्या हे नाव पडलं. शिकारीला गेला असता झरपट नदीतल्या एका खळग्यातलं पाणी तो प्याला, त्या पाण्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला वर्षानुवर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर जखमा ओसरलेल्या. तिनेच ती जागा शोधायला लावली. तिथे अंचलेश्वराचं स्थान झालं. पुढे त्याच रानात राजाला एक नवल दिसलं. एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! दोघं मोठ्या घेराने पळत राहिले आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारलं. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. ते ज्या वाटेने धावले त्याच वाटेवर तट बांधावा, हा सल्लाही राणीचाच.

ससा कुत्र्याच्या मागे लागल्याची गोष्ट आणखीही काही शहरांच्या स्थापनेत सांगितली जाते, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा. पण चांद्याच्या गोष्टीत पाणी ओळखणारी आणि गावाची जागा ठरवणारी व्यक्ती राणी आहे, इकडेही लक्ष वेधा. लोकांनी तिचं काम आठवणीत ठेवलं, तिचं नाव मात्र या गोष्टीत बहुतेक वेळा येतही नाही.

भिंत काही एका राजाच्या हयातीत झाली नाही. खांडक्याने आखणी केली, पुढच्या पिढ्या बांधत राहिल्या आणि धुंड्या रामशहाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ती पुरी झाली. जवळपास सव्वाशे वर्षं. मुलांना हे सांगताना असं विचारा, की ज्या गवंड्याने पायाचा दगड बसवला त्याच्या पणतूने वरचा दगड बसवला असेल का? हिशेब त्यांनाच करू द्या.

चार मोठे दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेला अंचलेश्वर. यांखेरीज पाच लहान दारं आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. त्यांची नावं मुलांना फार आवडतात. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. मसण खिडकीतून काय नेत असतील, हे सांगावं लागत नाही. दरवाज्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचं शिल्प आहे, ती गोंड राजांची खूण. हत्तीवर सिंह कसा, असं एखादा विचारेल. राजचिन्हात कलाकाराने बळ दाखवलं आहे, एवढं सांगितलं की पुरे.

हा भुईकोट आहे, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. पण केवळ लढाईसाठी घडवलेला नव्हे. यात अख्खं शहर आहे, घरं, बाजार, तलाव, देवळं. इरई आणि झरपट या दोन नद्या बाजूने वाहतात, त्यांचं पाणी हेही एक संरक्षण. अकबराच्या काळात लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजी नावाच्या राजाची नोंद आहे. मोठं पायदळ बाळगणारा राजा, अशी ती नोंद. याच राज्यात वैरागड होतं, जिथे हिऱ्यांच्या खाणी होत्या. वैरागड आज आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. तिथला किल्लाही पाहण्यासारखा आहे.

आता हिराई. ती चांद्याच्या बीरशहा राजाची राणी. या राजाला मराठीत वीरशहाही म्हणतात. त्याची कारकीर्द १६९६ ते १७०४ अशी आज साधारण मानली जाते. शिक्षकांसाठी एक सूचना. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमधली वंशावळ काढून बसाल तर तिथे बीरशहाचा काळ पिढीभर आधीचा दिसेल. नंतरच्या अभ्यासकांनी मांडलेला क्रम मी इथे घेतला आहे. फळ्यावर दोन्ही सनावळ्या लिहून मुलांना गोंधळात टाकू नका.

हिराईला मुलगा नव्हता, मुलगी होती. ती मुलगी देवगडच्या राजघराण्यात दिली होती. देवगड म्हणजे नागपूरच्या उत्तरेला, आताच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडचं दुसरं गोंड राज्य. कोकणातलं देवगड नव्हे! जावयाचं नाव दुर्गपाल. सासरी मुलीचा अपमान झाला आणि ती गोष्ट बापाच्या कानावर आली. बीरशहा फौज घेऊन देवगडावर चालून गेला. निघताना त्याने महाकालीला नवस केला होता, की जय मिळाला तर जावयाचं शीर देवीपुढे ठेवीन. आणि त्याने तसंच केलं, असं परंपरा सांगते.

इथे जरा थांबा. वर्गात ही गोष्ट सांगताना बहुतेक जण बीरशहाच्या पराक्रमावर भर देतात. मला मात्र त्या घरातल्या दोन बायका दिसतात. एक मुलगी, जिचा अपमान झाला म्हणून लढाई झाली आणि त्या लढाईने तिलाच विधवा केलं. आणि दुसरी तिची आई. नवऱ्याने मुलीची बाजू घेतली याचं तिला समाधान वाटलं असेल की कपाळावर हात मारला असेल? याचं उत्तर पुस्तकात नाही. आठवीच्या वर्गाला हा प्रश्न जरूर द्या. आमच्याकडे यावर इतकं बोलणं झालं की तास कमी पडला.

पुढचा भाग तर अजून विचित्र आहे. बीरशहाने दुसरं लग्न करायचं ठरवलं. गादीला वारस नाही हे त्यामागचं कारण असणार, त्या काळात राजांच्या बाबतीत ही नेहमीची गोष्ट होती. राजाच्या पहाऱ्यावर हिरामण नावाचा एक रजपूत होता. त्याच्याजवळ एक अद्भुत तलवार आहे अशी वदंता होती. ती दाखव म्हणून राजा त्याच्या मागे लागलेला, आणि तो टाळत आलेला. लग्नाच्या गडबडीत राजाने पुन्हा तो विषय काढला. हिरामणने तलवार उपसली, राजावर वार केला आणि मग स्वतःलाही संपवलं. तलवारीच्या जादूचा भाग सोडून द्या. राजा लग्नाच्या वेळी आपल्याच माणसाच्या हातून मारला गेला, एवढं मात्र चांद्याच्या इतिहासात सगळीकडे सारखं सांगितलं जातं. हे साल १७०४.

आता हिराईच्या जागी उभं राहून बघा. नवऱ्याचा खून झालेला. मुलगा नाही. उत्तरेला देवगडशी वैर, आणि तेही आपल्याच जावयाच्या रक्ताचं. त्याच सुमारास देवगडचा बख्त बुलंद राजा नागपूर शहर वसवत होता, म्हणजे त्या राज्याचा जोर वाढत होता. दख्खनेत औरंगजेब अजून ठाण मांडून बसलेला होता, तो १७०७ मध्ये गेला. अशा वेळी राजा नसलेलं राज्य म्हणजे कुंपण नसलेलं शेत.

हिराईने दत्तक घेतला. राजघराण्याच्या चंदनखेड्याकडच्या शाखेतला मुलगा, त्याचं नाव रामशहा. चंदनखेडा हे गाव आजच्या भद्रावती तालुक्यात आहे. दत्तक लहान होता, म्हणून कारभार राणीने स्वतःकडे घेतला आणि १७०४ पासून १७१९ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, तो चालवला. मुलांना हे वाक्य वाचून दाखवलं तर त्यांना काहीच वाटणार नाही. पंधरा वर्षं म्हणजे किती, ते त्यांच्या वयाशी जोडून सांगा. पहिलीत बसलेला मुलगा पदवी घेऊन घरी येईल, एवढा काळ.

याच वर्षांत तिकडे पश्चिमेला कोण होतं आठवतंय? महाराणी ताराबाई. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले आणि त्यांनी लहान मुलाच्या नावाने मराठ्यांचं राज्य हाती घेऊन औरंगजेबाला झुंजवलं. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या दोन टोकांना, एकाच वेळी, दोन विधवा राण्या मुलाच्या नावाने राज्य सांभाळत होत्या. एकमेकींची नावंही त्यांच्या कानावर गेली असतील की नाही कोण जाणे. ताराबाई पुस्तकात आहेत, आणि असायलाच हव्यात. हिराईसाठी त्याच पानाच्या समासात एक ओळ पेन्सिलीने लिहून घ्यायला मुलांना सांगता येईल. अहिल्याबाई होळकर हे नाव मुलांना माहीत असतंच. त्या कारभाराला लागल्या १७६७ मध्ये, म्हणजे हिराईनंतर जवळपास अर्ध्या शतकाने.

आता त्या समाधीकडे येऊ.

अंचलेश्वर दरवाज्याजवळ, अंचलेश्वराच्या देवळाला लागून गोंड राजांच्या समाध्यांचं आवार आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातलं. लहानमोठ्या दगडी समाध्या तिथे आहेत. त्यांत बीरशहाची समाधी सर्वांत भव्य, आणि ती हिराईने बांधवून घेतली. मुलं पहिला प्रश्न हा विचारतात की हे मुसलमान राजे होते का, कारण घुमट दिसला की त्यांना मशीद किंवा दर्गा आठवतो. तेव्हा नीट समजावून सांगा. गोंडांमध्ये मृताला पुरण्याची जुनी चाल आहे. बांधकामाची घुमटाची पद्धत त्या काळात सगळ्या मुलखात पसरली होती, राजपुतांच्या छत्र्या बघा. चाल आपली आणि कारागिरी त्या काळाची, असं हे मिश्रण आहे.

सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडच्या शिक्षकांना तर हे समजावणं सोपं आहे. आपल्या भागात माडिया लोक आपल्या मृतांच्या आठवणीसाठी गावाबाहेर उभे दगड रोवतात. मुलांनी ते रोज येता-जाता पाहिलेले असतात. चांद्याची समाधी ही त्याच मनाची राजवाड्यातली आवृत्ती आहे, असं मला वाटतं. मेलेला माणूस नाहीसा होत नाही, त्याला जागा द्यावी लागते, हेच दोन्हीकडे आहे. हे सांगितलं की मागच्या बाकावरचा माडिया मुलगा, जो इतिहासाच्या तासाला एरवी तोंड उघडत नाही, तो बोलायला लागतो. आपल्या गावच्या दगडाखाली कोण आहे, हे त्याला ठाऊक असतं.

मग नवरा दुसऱ्या लग्नाला निघाला असताना मेला, तरी तिने त्याच्यासाठी एवढं का केलं? एक उत्तर अगदी साधं, की तिचं त्याच्यावर प्रेम होतं. ते नाकारायचं कारण नाही. पण मला दुसरंही एक उत्तर दिसतं. दत्तक मुलाला गादीवर बसवायचं म्हणजे तो कोणाचा मुलगा हे सगळ्यांना दिसायला हवं. भाऊबंदांना, जमीनदारांना, देवगडकरांना. दत्तकविधान चार भिंतींच्या आत होतं, दगडाची समाधी मात्र दरवाज्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. जो राजा आपल्याच शिपायाच्या हातून, लग्नाच्या दिवशी, लोकांत कुजबूज होईल अशा रीतीने गेला, त्याला राणीने पुन्हा राजा केलं, आणि रामशहाला त्या राजाचा मुलगा. हे माझं मत आहे. तुमच्या वर्गातून वेगळं उत्तर आलं तर ते खाली कापून टाकू नका, फळ्यावर लिहा.

राणीचं दुसरं मोठं काम महाकालीचं मंदिर. देवीचं स्थान जुनं, आत्ताचं मंदिर हिराईने बांधलेलं. ते परकोटाच्या बाहेर, झरपटच्या बाजूला आहे. देवीच्या मुख्य मूर्तीखेरीज खाली भुयारातही देवीचं दर्शन घेतात. देवळावर दगडाचं एक शीर बसवलेलं आहे, त्याचं तोंड देवगडच्या दिशेला आहे आणि ते दुर्गपालाचं आहे, असं सांगतात. म्हणजे जावयाला मंदिरातही माफी नाही! चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. नांदेड, परभणीकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटमध्ये आंघोळ करतात, देवीची गाणी म्हणत रात्र काढतात. ही यात्रा हिराईनेच सुरू केली असं चंद्रपूरकर मानतात. अंचलेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धारही तिच्याच नावावर आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या राणीने शोधलेलं पाणी आणि हिराईने उभं केलेलं देऊळ, अशा दोन राण्या एकाच जागी भेटतात.

राज्यकारभार कसा होता हे मोजायचं एक माप मला नेहमी योग्य वाटतं, ते म्हणजे हातात दिलेलं पोर पुढे कसं निघालं. रामशहा मोठा झाला, कारभार त्याच्याकडे आला आणि तो १७३५ पर्यंत राजा होता. जुन्या नोंदींत त्याचं वर्णन सज्जन, प्रजेला जपणारा राजा असं येतं. नागपूरकर रघूजी भोसले चांदा घ्यायच्या इराद्याने आले आणि रामशहाला भेटून त्याच्याविषयी आदर घेऊन परत गेले, अशीही हकीकत सांगतात. ज्या मुलाला हिराईने पंधरा वर्षं घडवलं त्याच्या वागण्याने राज्य टिकलं, असं यातून म्हणता येतं. रामशहानंतर नीळकंठशहा आला. तो कडक आणि जुलमी होता, लोक त्याच्यापासून तुटले. १७५१ मध्ये चांदा भोसल्यांच्या ताब्यात गेलं, आणि चांद्याचा शेवटचा गोंड राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. भिंत तीच होती, जाडीही तेवढीच.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते इतर पाठांत येतं. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने तोफा लावून परकोटाला खिंडार पाडलं, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांचा जिल्हा झाला. आतल्या कोटाच्या जागी, जिथे राजांचा वाडा होता, तिथे तुरुंग आला. याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिलं. अहेरीकडचे, आपल्याच बाजूचे. वय अवघं पंचवीस. त्यांच्यावर वेगळा पाठ हवाच. आणि सिरोंचा? आपलं गाव त्या वेळी चांद्यात नव्हतंच. १८६० मध्ये निजामाकडून हा पट्टा इंग्रजांकडे आला, सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं आणि १८७४ मध्ये ते चांद्याला जोडलं गेलं. तेव्हा हिराई आपली राणी कशी, असं एखाद्या चौकस पालकाने विचारलं तर त्याचं बरोबर आहे. ती शेजारच्या राज्याची राणी. पण तिच्या लोकांची भाषा आपल्या रानात अजून बोलली जाते.

आज परकोटाची काय अवस्था आहे? काही ठिकाणी भिंत उत्तम उभी आहे, माणूस वरून चालू शकतो. काही ठिकाणी घरं अगदी भिंतीला खेटून आली आहेत, कुठे झाडांची मुळं दगडांत शिरली आहेत. बुरुजांवर वर्षानुवर्षं कचरा आणि झुडपं माजली होती. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या चंद्रपुरातल्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी रोज सकाळी श्रमदान करून बुरूज आणि भिंत साफ करायला घेतली. शेकडो दिवस ते काम चाललं. तरुण मुलं-मुली हातात कुऱ्हाड, घमेलं घेऊन उभी असलेली छायाचित्रं वर्गात जरूर दाखवा. पंतप्रधानांच्या मन की बातमध्येही त्याचा उल्लेख झाला. त्यानंतर परकोटावरून फेरी काढून लोकांना किल्ला दाखवायला सुरुवात झाली.

सहल काढायची असेल तर थोडं व्यवहाराचं. सिरोंच्याहून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत जायचं. एका दिवसात जाऊन-येऊन मुलं फार थकतात, तेव्हा मुक्काम ठेवा. हिवाळाच बरा. चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, आणि चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत पन्नास मुलं सांभाळणं आपल्या हातातलं काम नाही. मंगळवारही टाळा, महाकालीला त्या दिवशी रांग असते.

सुरुवात जटपुरा दरवाज्यापासून करा. तिथे सिंहाचं शिल्प मुलांना शोधू द्या, आधी दाखवू नका. मग गाडीने अंचलेश्वर दरवाजा. समाध्यांच्या आवारात सावली आहे, डबे खायच्या आधी अर्धा तास मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि बीरशहाच्या समाधीची एक बाजू काढायला सांगा. चित्र काढताना मूल दगडाकडे जेवढं बघतं तेवढं आपण कितीही बोललो तरी बघत नाही. दुपारी महाकाली. वेळ उरला तर लालपेठेतल्या त्या अजस्र एकसंध दगडी मूर्ती दाखवा. रायप्पा कोमटी नावाच्या सावकाराने मोठं देऊळ बांधायचं मनात घेऊन त्या घडवून घेतल्या होत्या, ते देऊळ पुरं झालंच नाही आणि मूर्ती उघड्यावरच राहिल्या. त्यातल्या दहा तोंडांच्या दुर्गेला लोक खुशाल रावण म्हणतात.

परतीच्या वाटेवर बल्लारपूर लागतं. वर्धेच्या काठावरचा तो किल्ला लहान आहे, वीस मिनिटांत बघून होतो. संध्याकाळी नदीकडच्या बाजूला पाय सांभाळून जावं लागतं, मुलांची रांग दोघा शिक्षकांनी दोन्ही टोकांना धरावी.